सतरा वेळा ओलांडलेलं शहर

सुएझ कालव्याच्या उत्तरेच्या तोंडाशी असलेल्या, इजिप्तमधल्या पोर्ट सैदवरून मी सतरा वेळा गेलो आणि एकदाही ते पाहिलं नाही. जहाजावरच्या इंजिनिअरला कालवा दिसत नाही. वर ब्रिजवर पायलट, म्हणजे कालव्यातून जहाज नेणारा वाटाड्या, चढतो, खाली इंजिन रूममध्ये ‘स्टँडबाय’चा, म्हणजे सज्ज राहण्याचा, हुकूम होतो आणि पुढचे बारा-चौदा तास आम्ही लोखंडाच्या पोटात. कालव्यात शिरण्याआधी समुद्राचं पाणी ओढणारं सक्शन खालच्या बाजूवरून वरच्या बाजूवर घ्यायचं, कारण तळाला गाळ असतो. तो गाळणीत बसला की इंजिनाला थंड करणारं पाणी कमी पडतं. एवढं करूनही गाळण्या उघडून धुवाव्या लागतातच. त्यातून निघणारा करडा, बोटांना चिकटणारा चिखल, एवढीच माझी आणि त्या शहराची ओळख.

उत्तरेला जाताना तर तेवढीही नाही. १९८० पासून भूमध्य समुद्राकडे बाहेर पडणारी जहाजं पूर्वेच्या फाट्यानं शहराला वळसा घालून जातात. शहर लागतं ते युरोपातून घराकडे येताना, आणि तेही बहुधा पहाटेच्या अंधारात.

नाव मात्र लहानपणापासून कानात होतं. आमच्या वाडीला लागून असलेल्या मोहल्ल्यात एक चाचा राहायचे. मोठ्या ब्रिटिश बोटींवर खलाशी म्हणून लागले आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. कोकणातल्या मोहल्ल्यांतून असे कितीतरी जण डेकवर गेले, गोव्याचे लोक सलूनमध्ये, म्हणजे बोटीवरच्या जेवणघरात, वाढपी म्हणून गेले. चाचांच्या ओसरीवर उंटाच्या कातड्याचा एक मोढा होता. त्यावर पिरॅमिड, खजुराचं झाड आणि उंट शिवलेला. पोर्ट सैदला होडीतून विकायला येणारे हे मोढे चपटे, रिकामे विकत. भरायचं ज्यानं त्यानं आपल्या घरी. चाचांनी तो भाताच्या पेंढ्यानं भरला होता. बसलं की पेंढा कुरकुरायचा. “सैदच्या बंबूटवाल्याकडून घेतलाय,” ते सांगायचे. बंबूट म्हणजे काय ते मला पुढे पन्नासेक वर्षांनी कळलं.

नोकरी संपल्यावर दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम गेलो. कैरोहून बसनं, जमिनीवरून. शेवटच्या टप्प्यात एका बाजूला मंझला सरोवराचं उथळ पाणी दिसायला लागलं आणि लक्षात आलं, या गावाला मुळात जमीनच नव्हती.

२५ एप्रिल १८५९ ला कालव्याची कंपनी काढणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्स या फ्रेंच माणसानं पहिली कुदळ मारली तेव्हा इथे समुद्र आणि सरोवर यांच्यामधली वाळूची एक बारीक पट्टी होती. गोडं पाणी नाही, दगड नाही, लाकूड नाही. इजिप्तचा सुभेदार सैद पाशा हा लेसेप्सचा जुना स्नेही. त्यानं १८५४ मध्ये कालव्याची सनद दिली म्हणून बंदराला त्याचं नाव पडलं. शहरं बहुतेक पाण्याच्या आधारानं वसतात. हे असं वसलं की प्यायचं पाणी सरोवरापलीकडून होड्यांत भरून आणावं लागे, नाहीतर समुद्राचं पाणी उकळून वाफ धरावी लागे. नाईलचं पाणी आधी गोड्या पाण्याच्या वेगळ्या कालव्यानं वाटेतल्या इस्माइलिया गावाला पोचलं. तिथून नळानं पोर्ट सैदला आलं ते १८६४ मध्ये. पाच वर्षं हजारो माणसं त्या उन्हात मोजून पाणी पीत काम करत होती. जहाजावर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र माझ्या ताब्यात असायचं, त्यामुळे असेल, पण लेसेप्सच्या कर्तबगारीचं वर्णन वाचताना माझा जीव त्या पाण्यापाशीच अडकतो.

आणि खोदणारे कोण? फेल्लाह. नाईलच्या काठचे शेतकरी. इजिप्तमध्ये या वेठबिगारीला ‘सुखरा’ म्हणतात. एका वेळी वीस हजारांच्या आसपास माणसं कामावर असायची. ती घरी परतेपर्यंत पुढची तुकडी वाटेला लागलेली. मंझलाच्या पट्ट्यात तर फावडं चालेना, चिखल पातळ. तिथले कोळी हातांनी तो चिखल उचलत, छातीशी दाबून पाणी पिळून काढत आणि काठावर रचत. कालव्याचा पहिला बांध असा माणसांच्या छातीवर थापला गेला. हे वाचल्यापासून गाळणीतला तो करडा चिखल मला आठवत राहतो.

नवा सुभेदार इस्माईल पाशानं वेठबिगार थांबवली. तंटा फ्रान्सच्या सम्राटापुढे गेला. १८६४ च्या निवाड्यात इजिप्तनंच कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक भरपाई द्यायची असं ठरलं. त्यातला मोठा हिस्सा आपलीच माणसं राबायला पाठवायची थांबवली, म्हणून दंड. त्यानंतर वाफेचे ड्रेजर आले आणि उरलेलं बरंचसं काम यंत्रांनी झालं. किती माणसं मेली? इजिप्तच्या अध्यक्ष नासरनं १९५६ च्या भाषणात एक लाख वीस हजार हा आकडा सांगितला. इतिहासकार त्यावर वाद घालतात. आकडा कोणताही धरा, त्यातल्या एकाचंही नाव मला शहरात कुठे कोरलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दीपगृह पाहायला गेलो. समुद्राकाठी शोधत होतो आणि ते सापडलं शहराच्या आत, उंच इमारतींच्या गराड्यात. अष्टकोनी, ५६ मीटर उंच, १८६९ चं. फ्रांस्वा क्वान्ये या इंजिनिअरनं ते काँक्रीटमध्ये ओतलं. दगड नसलेल्या जागी दुसरं काय करणार? काँक्रीट हे भविष्य आहे असं जगानं मान्य करण्याच्या कितीतरी आधी इथे ते निरुपायानं उभं राहिलं. बंदराचे बांधही तसेच. फ्रान्सहून चुना आणायचा, इथली वाळू त्यात घालायची आणि वीस-बावीस टनांचे ठोकळे पाडून समुद्रात लोटायचे.

दीपगृह आत का गेलं, हे कळल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. नाईल दमिएताजवळ समुद्राला मिळते आणि तिचा गाळ प्रवाहाबरोबर पूर्वेला सरकतो. कालव्याचं तोंड त्या गाळानं बुजू नये म्हणून पश्चिमेचा लांब बांध घातला. बांधाला अडून गाळ साचत गेला, किनारा पुढे सरकला, त्यावर रस्ते झाले, चाळीवजा इमारती झाल्या. म्हणजे पोर्ट सैदची अर्धी भूमी नाईलनं वाहून आणली आणि बांधानं धरून ठेवली. ज्या इंजिनिअरांनी फक्त गाळ अडवायचा विचार केला, त्यांच्या हातून नकळत जमीन घडली.

१७ नोव्हेंबर १८६९ चा उद्घाटन सोहळा सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी ‘एग्ल’ जहाजावर, ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रांझ जोसेफ, रोषणाई, मेजवान्या. त्यावर मी वेळ घालवत नाही. सहा वर्षांत इस्माईल कर्जात इतका बुडाला की १८७५ मध्ये त्यानं आपले १,७६,६०२ समभाग ब्रिटनला चाळीस लाख पौंडांच्या आसपास विकले, आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली. इकडे त्याच काळात मुंबईनं कूस बदलली. आफ्रिकेला वळसा घालून लंडनहून मुंबई सुमारे १९,८०० किलोमीटर होती, कालव्यातून ती ११,६०० वर आली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. आपल्या भाऊच्या धक्क्याच्या आजूबाजूचा सगळा पसारा त्या वाळूच्या पट्टीशी असा जोडलेला आहे. १९०६ मध्ये ‘पर्शिया’ बोटीनं लंडनला निघालेले तरुण सावरकर याच वाटेनं गेले. १९३० मध्ये ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’नं गोलमेज परिषदेला निघालेले डॉ. आंबेडकरही. कठड्याला टेकून त्यांनी हे शहर पाहिलं असेल. जगानंही ते तसंच पाहिलं, कठड्यावरून, दोन-चार तास.

कारण पोर्ट सैद हे कोळशाचं ठाणं होतं. बोट थांबली की बाजूला कोळशाच्या बार्जेस लागत, फळ्या टाकल्या जात आणि टोपल्या डोक्या-खांद्यावर घेऊन माणसांची रांग पळत सुटे, रात्री मशालींच्या उजेडात. या बंदराच्या कोळसा भरण्याच्या वेगाची जगभर ख्याती होती. सगळ्या बोटीवर काळी धूळ उडायची, दारं-खिडक्या बंद करायच्या आणि उतारूंना किनाऱ्यावर धाडायचं. धक्क्याजवळची ती झगमगती दुकानं, पूर्वेकडे निघालेल्या गोऱ्यांना सोला टोप्या विकणारं ‘सिमॉन आर्झ्ट’चं भव्य भांडार, ‘गली-गली’ म्हणत बाहीतून कोंबडीची पिल्लं काढणारे जादूगार, या सगळ्याचं मूळ त्या धुळीत आहे. धूळ नको म्हणून उतारू खाली उतरत, उतरत म्हणून दुकानं चालत. गोऱ्या प्रवाशांच्या लिखाणात पोर्ट सैद बदनाम, लबाड, नको तसलं गाव म्हणून येतं. टोपली वाहणाऱ्याबद्दल त्या लिखाणात एखादी ओळ असते, तीही त्याच्या काळ्या चेहऱ्याबद्दल. पण याच कोळसेवाल्यांनी १८८२ मध्ये काम बंद पाडलं होतं. इजिप्तमधल्या पहिल्या संपांमध्ये तो मोजला जातो.

बंबूटचा उलगडा तिथल्या एका चहाच्या दुकानात झाला. माझ्या समोरच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. सगळे त्यांना ‘हाग्ग’ म्हणत होते, हज करून आलेल्या माणसाला तिथे म्हणतात तसं. मी जहाजावरचा इंजिनिअर हे कळल्यावर त्यांनी मला ‘या बाशमुहंदिस’ अशी हाक मारली. इजिप्तमध्ये इंजिनिअरला मानानं असंच बोलावतात. नोकरीभर कुठल्याही बंदरात मला इतक्या आदरानं कुणी हाक मारली नव्हती. ते स्वतः बम्बूती होते. बोटीला होडी लावून माल विकणाऱ्यांना इंग्रज ‘बमबोट’वाले म्हणत, त्याचं पोर्ट सैदच्या तोंडी झालं बम्बूती. होडीतून दोर वर फेकायचा, टोपलीत माल चढवायचा, त्याच टोपलीतून पैसे खाली घ्यायचे. इंग्रजी, इटालियन, ग्रीक, रशियन, सगळ्यातली कामापुरती भाषा त्यांना येत होती. “सस्ता, बहुत अच्छा,” ते मला म्हणाले आणि चाचांचा मोढा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी त्यांना पेंढ्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, “चांगलं केलं. आमच्याकडचे लोक जुने कपडे भरत. पेंढा जास्त टिकतो.”

जुन्या शहराचे दोन भाग होते. धक्क्याला लागून अफ्रांग, म्हणजे फिरंगी, आणि मागे अरब. फिरंगी भागात अजून लाकडी सज्जांची घरं उभी आहेत, चार-चार मजली, खांबांवर पेललेली, रस्त्यावर सावली धरणारी. काहींचे सज्जे लोंबायला आलेत, काहींत वाळत घातलेले कपडे. मुंबईत गिरगावात वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाहीत. धक्क्यावर कालवा कंपनीची तीन हिरव्या घुमटांची पांढरी इमारत आहे. तिचा फोटो सगळे काढतात. मला ते सज्जे जास्त जवळचे वाटले, त्यांच्यात अजून माणसं राहतात.

पश्चिमेच्या बांधावर एक रिकामा चौथरा आहे. १८९९ पासून त्यावर लेसेप्सचा पुतळा होता, एक हात कालव्याकडे पसरून ‘या’ म्हणणारा. २६ जुलै १९५६ ला नासरनं अलेक्झांड्रियाच्या भाषणात ‘लेसेप्स’ हे नाव पुन्हा पुन्हा उच्चारलं. कालवा सरकारजमा करायची ती खूण होती. नाव कानावर पडताच महमूद युनिस यांच्या माणसांनी कंपनीची कार्यालयं ताब्यात घेतली. सप्टेंबरात परदेशी पायलट एकदम निघून गेले. कालवा इजिप्तला चालवता येणार नाही हे सिद्ध करायचं होतं. उरलेल्या मूठभर पायलटांनी आणि नव्यानं आलेल्यांनी झोप सोडून जहाजं पार केली. वाहतूक थांबली नाही. मला या साऱ्या प्रकरणात ते पायलट सगळ्यांत मोठे वाटतात.

मग कालवा परत घ्यायला ५ नोव्हेंबरला ब्रिटिश छत्रीधारी शहराच्या पश्चिमेला गमील विमानतळावर उतरले, फ्रेंच दक्षिणेला रस्वाच्या पुलांपाशी आणि कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला. दुसऱ्या दिवशी आरमार आलं. लोकांनी गल्लीगल्लीत बंदुका धरल्या. गरिबांची मनाख वस्ती जळून गेली. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या चौकशीनंच पोर्ट सैदमधले मृत सुमारे ६५० धरले, इजिप्तचा आकडा याहून पुष्कळ मोठा. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्धबंदी झाली, २२ डिसेंबरला शेवटचा ब्रिटिश-फ्रेंच सैनिक गेला आणि २४ तारखेला लोकांनी पुतळा सुरुंगानं उडवला. मोडलेला पुतळा पुढे दुरुस्त झाला. २०२० मध्ये तो परत चौथऱ्यावर चढवायची चर्चा निघाली तेव्हा इतका विरोध झाला की तो अखेर इस्माइलियाच्या संग्रहालयात गेला. चौथरा रिकामाच बरा असं माझंही मत झालं आहे.

या शहराला पुतळे जाळायची जुनी सवय आहे. वसंतातल्या शम्म एन-नसीम या सणाच्या आदल्या रात्री इथे ‘लिम्बी’ जाळतात. हा लिम्बी म्हणजे लॉर्ड ॲलनबी, १९१९ ते १९२५ चा ब्रिटिश उच्चायुक्त. साहेब गेला, साम्राज्य गेलं, तरी प्रत्येक पिढीनं आपल्या डोळ्यांत सलणाऱ्या माणसाचा चेहरा त्या पेंढ्याच्या बाहुल्याला दिला. नागपूरची मारबत पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१९६७ बद्दल हाग्ग फार बोलले नाहीत. ‘तहगीर’ एवढा एक शब्द ते म्हणाले, म्हणजे उठवून लावणं. जूनच्या युद्धात सिनाई इस्रायलकडे गेला, कालवा बंद पडला, पलीकडच्या काठावरून तोफा सुरू झाल्या आणि कालव्याकाठची तिन्ही शहरं रिकामी करण्यात आली. लाखो माणसं डेल्टाच्या खेड्यांत, शाळांत, नातलगांच्या पडव्यांत जाऊन राहिली. कालवा ५ जून १९६७ ला थांबला आणि बरोबर आठ वर्षांनी, ५ जून १९७५ ला उघडला. मधल्या काळात कालव्याच्या वाटेतल्या ग्रेट बिटर लेकमध्ये चौदा जहाजं अडकून पडली होती. आमच्या धंद्यात त्यांची गोष्ट सगळे सांगतात: वाळू बसून पिवळी पडली, शेवटी स्वतःच्या इंजिनावर घरी पोचली ती फक्त दोन जर्मन जहाजं. मीही ती गोष्ट मेसमध्ये कितीदा सांगितली. त्याच आठ वर्षांत काठावरची माणसं कुठे होती, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ती माणसं गात होती. सिम्सिमिया हे तंतुवाद्य, मुळात पाच तारांचं, मांडीवर धरून छेडायचं. कालवा खणायला आलेल्यांच्या आणि खलाशांच्या बैठकांतून ते इथे रुजलं. १९५६ मध्ये त्यावर लढ्याची गाणी झाली, विस्थापनात घराकडे परतण्याची. शहर परत भरल्यावर ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हरवत चाललं होतं, तेव्हा १९८९ मध्ये झकारिया इब्राहीम यांनी म्हाताऱ्या वादकांना शोधून ‘एल तनबूरा’ हा ताफा उभा केला. एका संध्याकाळी मी अशा बैठकीला बसलो. टाळ्यांचा ठेका चढत जातो, एक जण गातो, बाकीचे धरतात, आणि मग कुणीतरी उठून बम्बूतीचा नाच नाचतो: दोर फेकणं, टोपली ओढणं, वल्हं मारणं, सगळं हातांच्या हालचालींत. शब्द कळत नव्हते. दोर कळत होता. जाखडीच्या फेऱ्यात जसं अंग आपोआप हलायला लागतं तसं माझं झालं.

१९७६ मध्ये अध्यक्ष सादातनी शहर करमुक्त केलं. परदेशी कपडे, विजेच्या वस्तू घ्यायला सगळा इजिप्त लोटला. वेशीवर जकातीचे फाटक, आणि लोक अंगात चार-चार शर्ट चढवून बाहेर पडायचे असं सांगतात. २००२ मध्ये ती सवलत काढून घेण्याचा कायदा झाला आणि दुकानांवर अवकळा आली. १ फेब्रुवारी २०१२ ला इथल्या स्टेडियममध्ये गावचा ‘अल मस्री’ संघ आणि कैरोचा ‘अल अहली’ यांच्या फुटबॉल सामन्यानंतर झालेल्या हिंसाचारात ७४ माणसं मेली, बहुतेक तरुण पोरं. पुढच्या जानेवारीत त्या खटल्याचा निकाल लागला, शहर पेटलं, पुन्हा प्रेतं पडली. सरकारनं रात्री नऊची संचारबंदी लावली तेव्हा लोक बरोबर नऊला रस्त्यावर येऊन फुटबॉल खेळले. मी या विषयावर तिथे कुणालाही प्रश्न विचारला नाही. अल मस्रीचे हिरवे झेंडे सज्जांवर होते, आणि ज्यांची पोरं गेली त्यांच्या घरांचे सज्जे दूर कैरोला होते. दोन्हीकडचं दुःख एकाच वेळी मनात धरणं मला जमलं नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे मी पोर्ट फुआदच्या फेरीवर चढलो. पोर्ट फुआद १९२६ चं, कालव्याच्या पूर्व काठावरचं, म्हणजे आशियातलं. आफ्रिकेतून आशियात पाच-दहा मिनिटांत, आणि फुकट. पलीकडे मिठाचे पांढरे डोंगर अंधारातही दिसत होते. सायकली घेतलेली पोरं, पावाच्या लाद्या डोक्यावर घेतलेला माणूस, डबेवाले कामगार. मध्यात आल्यावर फेरी थांबली. दक्षिणेकडे निघालेला ताफा येत होता.

जहाज अगदी जवळून गेलं, कंटेनरचं, घरंच्या घरं रचावीत तसं. वर कठड्याशी कुणी नव्हतं. बाजूच्या माणसांनी मानही वर केली नाही. माझी नजर सवयीनं पाण्याच्या रेषेवर गेली. पाठीमागच्या अंगाला, इंजिन रूम जिथे असते तिथे, कुशीतून पाण्याचा जाड पांढरा झोत बाहेर पडत होता. इंजिनातून फिरून आलेलं कोमट पाणी. झोत बारीक झाला तर समजावं, गाळणी तुंबली.

तो अजिबात तुटत नव्हता. खाली कुणीतरी उभं होतं.